नक्कल, दुरुस्ती आणि गालातला खर्रा

मागच्या उन्हाळ्यात एका तेरवीला गेलो होतो. गाव वैनगंगेच्या काठचं, धानाचं. गेलेला माणूस पंचेचाळिशीतला. गालाचा कर्करोग. शेवटचे चार महिने नाकातल्या नळीतून वरणाचं पाणी. मांडवातली जेवणं आटोपली आणि ताटलीतून खर्रा फिरला. तंबाखू, सुपारी, चुना, पन्नीत घोटून ताजा केलेला. त्याच घरच्या पुतण्याने ताटली माझ्यासमोर धरली. मी नको म्हटलं, तर बाजूला बसलेले एक म्हातारे म्हणाले, "घ्या जी मास्तर. तो काही खर्र्यानं नाही गेला, नशिबात होतं त्याच्या. मले सत्तर पार झाले, दात पाहा माझे." पुतण्या बी.एस्सी. झालेला, माझाच विद्यार्थी. तो हसत म्हणाला, "सर, आता तं शास्त्रज्ञच मनते, दोन तृतीयांश कॅन्सर नशिबानंच होते. मोबाईलवर आलं होतं."

म्हाताऱ्यांना उत्तर देणं सोपं होतं. पुलावरून शंभर बैलबंड्या कठड्याविना गेल्या म्हणून कठडा नको असं कुणी म्हणत नाही. पुतण्यापुढे मात्र मी गप्प बसलो. तो सांगत होता ते थापेबाजीतलं नव्हतं. तसं संशोधन खरंच झालेलं आहे, मोठ्या शास्त्रज्ञांनी केलेलं आहे, आणि बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ते हसण्यावारी नेणं बरं नाही. तेव्हा न दिलेलं उत्तर आता देतो.

आधी नकलेचं सांगितलं पाहिजे. वर्गात मी डीएनएची नक्कल सातबाऱ्यावरून शिकवतो, कारण आमच्या पोरांना ती लगेच पटते. माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर हाताने नक्कल करताना कुणीतरी 'भ'चा 'म' केला. एक अक्षर. पुढची प्रत त्या प्रतीवरून, त्याच्या पुढची त्यावरून. वीस वर्षांनी पीककर्जाला गेलो तेव्हा कळलं की कागदावरचा शेतकरी भलताच कुणी आहे. लेखनातल्या अशा चुका सुधारायला जमीन महसूल कायद्यात कलम १५५ आहे, आणि त्या कलमाखालचा अर्ज घेऊन मी दीड वर्ष एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. चूक व्हायला एक क्षण, दुरुस्तीला दीड वर्ष.

आपल्या शरीरातलं कार्यालय याच्या नेमकं उलट आहे. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी, आणि ती समोरासमोर जोडीने बसतात. एका पेशीत अशी सुमारे ६०० कोटी अक्षरं असतात, जोड्यांनी मोजली तर. पेशी दुभंगायच्या आधी ती सगळी उतरवून काढावी लागतात. उतरवणारा जो डीएनए पॉलिमरेज, तो आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास जीवाणूंमध्ये शोधला आणि १९५९ ला त्यांना नोबेल मिळालं. हा कारकून हुशार आहे, पण देव नाही. अक्षरामागून अक्षर बसवताना तो साधारण लाखात एक चूक करतो. हिशेब करा, प्रत्येक नकलेत साठ हजार चुका. एवढ्या चुकांवर माणूस उभा राहूच शकला नसता. पण बसवलेलं अक्षर जोडीला नीट बसलं नाही तर तोच कारकून एक पाऊल मागे येतो, ते खोडतो आणि पुन्हा लिहितो. त्यातूनही जे सुटतं ते मागून येणारी दुसरी मंडळी तपासतात. शेवटी हिशेब अब्जात एक चूक, किंवा त्याहूनही कमी, इथवर येतो. पूर्ण नकलेमागे पाच-सहा चुका उरल्या तर खूप झाल्या.

इथे एक गंमत आहे, वर्गात मी तिच्यावर जरा जास्तच वेळ घालवतो. चुकीची जोडी दिसली तर दोनपैकी कोणतं अक्षर बरोबर हे तपासनिसाला कसं कळतं? जुनं की नवं? पॉल मॉड्रिच यांनी जीवाणूंमध्ये हे उलगडलं. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी जुन्यावर ठरावीक ठिकाणी मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के असतात, नव्या धाग्यावर ते अजून लागायचे असतात. शिक्का असलेली प्रत खरी, बिनशिक्क्याची सुधारायची. शिक्का लागेपर्यंतच्या थोडक्या वेळात काम उरकायचं. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे पेशीतला तलाठी आपल्याहून शहाणा." वर्ग हसला. मीही हसलो, पण कार्यालयाच्या पायऱ्या मला आठवल्याच.

आता पुतण्याचा मुद्दा. २०१५ साली क्रिस्टियन तोमासेत्ती आणि बर्ट फोगेलस्टीन या दोघांनी मांडलं की काही अवयवांत कर्करोग जास्त आणि काहींत कमी का होतो, यातला सुमारे दोन तृतीयांश फरक त्या अवयवातल्या मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, आयुष्यभरात किती वेळा दुभंगतात याच्याशी जुळतो. नकला जितक्या जास्त, तितक्या चुका जास्त. २०१७ साली त्यांनी पुढचा हिशेब केला: कर्करोगाला कारण होणाऱ्या बदलांपैकी सरासरी ६६ टक्के निव्वळ नकलेच्या चुका, २९ टक्के परिस्थितीमुळे आणि ५ टक्के वारशाने. बातम्यांचे मथळे ठरलेलेच. कर्करोग म्हणजे दुर्दैव. मोबाईलवर फिरत फिरत तो मथळा आमच्या तेरवीच्या मांडवात पोचला.

पण ६६ टक्के बदल म्हणजे ६६ टक्के कर्करोग नव्हेत. सगळा घोळ इथे आहे.

कर्करोग एका चुकीने होत नाही, काही चुका एकाच पेशीत साचाव्या लागतात. समजा तीन लागतात. दोन आपोआप झाल्या, तिसरी खर्र्याने. टक्केवारी काढणारा म्हणेल, दोन तृतीयांश नशीब. पण खर्रा वजा करा, तिसरी चूक नाही, म्हणजे कर्करोगही नाही. आमच्याकडे कापणीनंतर शेतात धानाचे पुंजणे रचून ठेवतात. उन्हाने पुंजणं वाळलं, वारा सुटला, आणि कुणीतरी जळती बिडी टाकली. ऊन आणि वारा मिळून दोन वाटे, बिडीचा एक. तरी पुंजणेवाला भांडायला उन्हाकडे जात नाही, बिडीवाल्याच्या दारात जातो. आणि ६६ ही सगळ्या प्रकारांची सरासरी आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात याच संशोधकांना परिस्थितीचा वाटा मोठा दिसला. किती कर्करोग टाळता येतील याचा जुना हिशेब या आकड्यांनी खोटा ठरत नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. मथळ्यात ते मावलं नाही.

मला तर वाटतं, नशिबाचा वाटा मान्य करण्यात आपलं काही जात नाही. उलट तो मान्य केलाच पाहिजे. ज्या बाईने आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात घातलं नाही आणि तरी तिला स्तनाचा कर्करोग झाला, तिला "काय खाल्लं होतं?" असं विचारणारे शहाणे गावोगाव आहेत. नकलेचं विज्ञान त्या बाईच्या बाजूने उभं आहे. तिचा दोष नाही. पण त्याच विज्ञानाचा खांदा करून पानठेल्याचा दोष कुणी खाली ठेवत असेल, तर ते चालणार नाही.

खर्रा गालात काय करतो ते जवळून पाहू. गालाच्या आतलं अस्तर साधारण दोन-तीन आठवड्यांत नवं होतं. मग नुकसान झालेल्या पेशी गळून का पडत नाहीत? पडतात. पण अस्तराच्या तळाशी ज्या पेशी नवं अस्तर घडवत राहतात त्या तिथेच राहतात, आणि त्यांच्यातली चूक पुढच्या प्रत्येक पिढीत उतरते. तळाचा सातबारा बिघडला की वरच्या सगळ्या नकला बिघडलेल्या. त्यात सुपारीची टोकदार खांडं आणि चुना अस्तर सोलतात. सोललं की भरायला पेशी दुभंगणार, म्हणजे आणखी नकला. नशिबाच्या चिठ्ठ्याही खर्रा जास्त काढायला लावतो. नशीब आणि खर्रा असे दोन वेगळे रकाने करून बेरीज मांडणाऱ्याला हे दिसत नाही.

दुसरं काम तंबाखूचं. तिच्यातल्या नायट्रोसामीन या द्रव्यांचं शरीरात रूपांतर होतं आणि डीएनएच्या 'जी' या अक्षरावर मिथाइलची गाठ बसते. हा शिक्का वरचा नव्हे, चुकीच्या जागी बसलेला. पुढच्या नकलेत कारकुनाला ते अक्षर ओळखू येत नाही, तो समोर 'सी'ऐवजी 'टी' लिहून मोकळा होतो. ही गाठ काढणारं एक प्रथिन आपल्याकडे आहे, एमजीएमटी. ते गाठ उचलून स्वतःच्या अंगावर घेतं आणि कायमचं निकामी होतं. दुसरी गाठ काढायला दुसरं प्रथिन लागतं. एका घावाला एक शिपाई. दिवसाला एखादी गाठ असती तर फौज पुरली असती. आमच्याकडे रोवणीला वाकलेला माणूस सकाळी सातला गालात भरतो आणि रात्री झोपताना चूळ भरतो.

आणि "मी तंबाखू सोडली जी, सादी सुपारी खातो" म्हणणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखूविनासुद्धा, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं आहे. सुपारीमुळे गालाखाली तंतू साचतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. घरी तपासायचं असेल तर आपलीच तीन बोटं उभी करून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहा.

आपल्याच लोकांच्या गालाचं संशोधन आपल्याच देशात झालं आहे, हेही पुतण्याला सांगायला हवं होतं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची संस्था आणि खारघरचं टाटा स्मारकाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांनी मिळून हिरडी-गालाच्या कर्करोगातले जनुकीय बदल शोधले, २०१३ साली ते प्रसिद्ध झाले. त्या गाठींमध्ये वारंवार बिघडलेलं सापडलं ते टीपी५३, म्हणजे डीएनए तुटलं तर पेशीला थांबवणारं आणि दुरुस्ती होत नसेल तर तिला मरायला लावणारं जनुक. त्याचं पहारेकऱ्याचं काम संपलं की पुढची चूक कुणी अडवत नाही.

या सगळ्यातून मी जो अर्थ काढतो तो औषधाचा नाही. औषधं आली आहेत, हे खरं. दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असलेल्या गाठीची दुसरी वाट बंद करणारं ओलापॅरिब २०१४ साली मान्य झालं. पण ते मुख्यतः अंडाशय, स्तन अशा कर्करोगांसाठी. गालाला अजून मुख्यतः शस्त्रक्रियाच, आणि मग किरणोपचार, ज्याला आमच्याकडे बरेच लोक 'शेक' म्हणतात. शेकही गाठीचं डीएनए दुरुस्तीपलीकडे तोडूनच मारतो. माझ्या दृष्टीने या विज्ञानाने आम्हाला दिलेली खरी वस्तू वेगळी आहे. डीएनएच्या अक्षरावर मिथाइलची पहिली गाठ बसण्यापासून कर्करोग होईपर्यंत वर्षं जातात. त्या वर्षांत शरीर रोज दुरुस्ती करत असतं. टोमास लिंडाल यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की काहीही न खाता-पिता, नुसत्या पाण्यात आणि उष्णतेत डीएनए आपोआप मोडत असतं, पेशीमागे रोज हजारो ठिकाणी. एवढं मोडूनही आपण उभे आहोत. हा सगळा काळ गाल बाहेरून खुणाही करतो: पांढरा चट्टा, लाल चट्टा, तिखट न सोसणं, तोंड आवळत जाणं. यकृत किंवा स्वादुपिंड असं बोलत नाहीत. गाल बोलतो, आणि तो पाहायला टॉर्च पुरतो.

टॉर्च पुरतो हे केरळात तपासून पाहिलेलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पंचायतींमध्ये घरोघरी जाऊन लोकांची तोंडं पाहिली. २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. सवय नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे कुणाची तोंडं आधी पाहायची हेही कळलं.

आपल्या सरकारच्या कागदावर हे सगळं आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडतपासणी पाच वर्षांतून एकदा, आशाताईने फॉर्म भरायचा, उपकेंद्रात तोंड पाहायचं. आणि प्रत्यक्षात? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर जणांमागे जेमतेम एकाने सांगितलं की माझं तोंड कधी तपासलं गेलं. शंभरात एक!

मला माझंच उदाहरण आहे. मी अकरा वर्षं खर्रा खाल्ला. नोकरीला लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये खर्रा न खाणारा मास्तर वेगळा पडायचा. दाढ दुखली म्हणून एका दवाखान्यात गेलो, दाढ काढली, पैसे दिले, घरी आलो. गालाच्या आत दोन बोटं मावतील एवढा पांढरा चट्टा होता, तो कुणी पाहिला नाही. बायकोने पाहिला, सहा महिन्यांनी, मी आळस देत असताना. तेव्हा खर्रा सुटला, चट्टाही हळूहळू गेला. पण आळस दिला म्हणून वाचलो, ही काही आरोग्यव्यवस्था नव्हे. ते माझं नशीब होतं, आणि नशिबाबद्दलची माझी तक्रार नेमकी हीच आहे.

"बंदी कडक करा" हा आपला आवडता उपाय. २०१२ ला गुटखाबंदी झाली. खर्रा मात्र ठेल्यावर समोर घोटला जातो. सुपारी वेगळी, चुना वेगळा, तंबाखू वेगळी, आणि पन्नीत एकत्र होईपर्यंत तो खर्रा नसतोच. मधूनमधून धाड पडते, फोटो येतो, चार दिवस ठेला बंद, पाचव्या दिवशी उघडतो. बंदी नको असं मी म्हणत नाही. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था आणि शासनाने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालवलं, त्यात गावाने स्वतः ठरवण्यावर भर होता, आणि गाव ठरवतं तेव्हा पोलिसापेक्षा फरक पडतो. पण पाकिटांवरची सडलेल्या तोंडाची चित्रं आणि शाळेतली तंबाखूमुक्तीची शपथ यांनी माझी पोरं घाबरत नाहीत. मागच्या बाकावर तीच शपथ घेताना गाल फुगलेले असतात. पेशीतला तलाठी मात्र त्यांच्या लक्षात राहतो, परीक्षा झाल्यावरही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खर्र्याच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, तोंडतपासणीला तीस वर्षांची अट नको. इथे पोरगं सातवी-आठवीत गालात भरायला शिकतं. त्याचा चट्टा विसाव्या-पंचविसाव्या वर्षी दिसणार, आणि आपण तिशीची वाट पाहणार. शाळेत, रोवणीच्या बांधीवर, तेंदूपत्त्याच्या फळीवर टॉर्च घेऊन माणूस गेला पाहिजे. ते काम आशाताईवर लादायचं असेल तर तिच्या मोबदल्याच्या यादीत त्याची ओळ हवी. आधीच ती पंधरा कामं चालत करते. आणि चट्टा सापडलेल्याला पुढे कुठे पाठवायचं ते तालुक्याला ठरलेलं हवं. नागपूर, वर्धा लांब आहे, मजुरी बुडते.

कुणी म्हणेल, प्रयोगशाळेतल्या जीवाणूंच्या गोष्टी इथे कशाला. यावर मी अझीझ सँकार यांचं नाव घेतो. तुर्कस्तानातल्या सावुर या लहान गावचा माणूस, आईबाप निरक्षर. इस्तंबूलला डॉक्टर झाला आणि गावाकडे परतून दवाखाना केला. तिथून उठून अमेरिकेत गेला आणि उन्हाने मोडलेलं डीएनए पेशी कसं दुरुस्त करते ते शोधत बसला: आपल्या पेशी घाव लागलेला साधारण तीस अक्षरांचा तुकडा कापून फेकतात आणि रिकामी जागा नव्याने लिहितात. २०१५ साली लिंडाल आणि मॉड्रिच यांच्याबरोबर त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खेड्यातल्या दवाखान्यापासून जीवाणूंपर्यंत जर रस्ता जातो, तर परतीचाही असला पाहिजे.

या डिसेंबरात नकलेचं प्रकरण संपवताना मी वर्गाला तीन बोटं तोंडात घालायला लावली. हशा झाला, मग शांतता. एका मुलाची दोनच गेली. तो म्हणाला, थंडीने जबडा धरला. तास संपल्यावर मागे थांबला. "सर, आता सोडला तं पुन्हा उघडन का?" मी खोटं बोललो नाही. आवळलेलं सगळं मोकळं होईलच असं नाही, पण व्यायामाने, उपचाराने थोडं सैल होतं, आणि पुढचं नुकसान आज थांबतं. गुरुवारी त्याला स्कूटरवर मागे बसवून उपकेंद्रात नेलं. ताईने रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय १७ लिहिलं आणि पेन थांबवला.

"सर, हा फॉर्म तीसच्या वरचा आहे."

मग तिने रकान्यांच्या खाली, पानाच्या कोऱ्या पट्टीत, त्याचं नाव पुन्हा लिहिलं आणि टॉर्च शोधायला उठली.